जाळी काढायची कधी

१२ जानेवारी

धाकटे,

पाकीट उघडलंस ते अक्षर बघून फसलीस म्हणून. अक्षर माझ्या सुनेचं आहे, बोलणं माझं. मी अजून तशीच, अक्षरशत्रू. जन्मभर पुस्तकं शिवली, पण एकाशीही बोलणं झालं नाही. मी सांगते, ती लिहिते. मधेच तिला हसू आलं तर तिथं ओळ वाकडी येईल, ती माझ्या खात्यात धरू नकोस. फोन केला असता, पण तुझी मुलगी म्हणाली, तुला फोनवर नीट ऐकू येत नाही. तुला हवं ते ऐकू येतं, हे मला माहीत आहे. तरी पत्रच बरं.

काम असं. माझ्या मुलानं मला दोन कॅनरी आणून दिल्या. घरचा पुस्तकबांधणीचा कारखाना बंद झाल्यापासून मी दिवसभर खिडकीत बसते आणि खालून जाणाऱ्याला छत्री नीट धर, पिशवी फाटलीय, असं सांगत असते. माझं तोंड घराच्या आत वळावं म्हणून त्यानं हा उपाय काढला असावा. एक पिवळी धमक, आणि एकाच्या डोक्यावर काळी टोपी. दुकानदारानं जोडी म्हणून दिली आणि एकाच पिंजऱ्यात घालून दिली. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी खाली पिसं. टोपीवाला दाण्याच्या वाटीवर चढून बसतो आणि पिवळीला जवळ येऊ देत नाही. तिनंही काल त्याच्या पायाला चोच मारली.

सून म्हणते, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. मुलगा म्हणतो, एकटे पडले तर झुरतील. दोघंही आपापल्या संसाराच्या अनुभवावरून बोलतात. मी म्हटलं, ह्या घरात एकाच माणसाला हे कळत होतं आणि ते माणूस आम्ही घालवलं. इथं सुनेचा हात थांबला. म्हटलं, लिही गं, तिला माहीत आहे.

तर एकत्र ठेवू की वेगळे, तेवढं कळव.

गेल्या वर्षी भावोजी गेले तेव्हा सख्खी जाऊ असून मी आले नाही. गुडघे दुखतात असं कळवलं होतं. गुडघे दुखत होतेच, पण ते कारण नव्हतं. हे गेले तेव्हा तूही आली नव्हतीस, तर फिटंफाट, असंही मी मनाशी म्हणून बघितलं. काही जुळलं नाही.

कारखान्यामागची तुमची खोली आता रिकामी आहे. पुठ्ठे, दाबयंत्र, सगळं गेलं. नुसतं सांगून ठेवते.

थोरली

२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. सुनेनं दोनदा वाचलं, कारण एकदा वाचायला घेतलं तोवर संपलं होतं. "ताबडतोब वेगळे करा. लांब पिंजरा घ्या, मधे जाळी घाला. एकमेकांना दिसू द्या, पोचू देऊ नका. पोटावर हळू फुंकर मारून नर-मादी बघा. नर जाळीतून मादीला भरवायला लागला की मला कळवा, त्याआधी जाळी काढू नका." खाली नमस्कारही नाही. औषधाच्या बाटलीवर याहून गोड लिहितात.

पण सगळं केलं. मुलानं टोपीवाल्याच्या पोटावर फुंकर मारली, त्यानं मुलाचं नाक धरलं. नर आहे. पिवळी मादी. मुलानं मधे पहिल्यांदा चाळणीची जाळी लावली. सून म्हणाली, यातून पीठ जाईल, चोच कशी जाणार? मग मोठ्या भोकांची लावली. आता तो एका बाजूच्या दांडीवर आणि ती दुसऱ्या बाजूच्या दांडीवर. दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसतात, पण बसतात मात्र जाळीला चिकटून.

तुझा तो लांब पिंजरा मला रोज दिसतो. लग्न होऊन आलीस तेव्हा लोक पेटी घेऊन येतात, तू काखेत पिंजरा घेऊन आलीस. सासूबाईंनी उंबऱ्यावरच विचारलं होतं, कपडे कुठंयत. तू म्हणालीस, मागून येतायत, पाखरांना वारा लागेल म्हणून ती आधी आणली. मी पदरात तोंड घालून हसले होते. तुझ्या वडलांचं पाखरांचं दुकान, त्यांनी आपला सगळ्यात चांगला नर तुला दिला होता. गवई म्हणायचो त्याला. पहिले आठ दिवस मला त्याचा कंटाळा आला. पहाटे सुरू व्हायचा आणि थांबायचा नाही. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आपण दोघी समोरासमोर बसून फर्मे, पुस्तकांच्या घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवतोय आणि माझी सुई त्याच्या तानेवर चाललीय. त्या महिन्यात माझे टाके जितके सारखे पडले तितके आयुष्यात पडले नाहीत. कुणाच्या तरी कपाटात ती पुस्तकं असतील अजून.

आणि अंड्यांचं तूच शिकवलंस. मादी रोज एक अंडं घालते. घातलं की ते हळूच उचलायचं आणि तिथं मातीचं खोटं ठेवायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी चारही खरी परत ठेवायची, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी फुटतात. नाहीतर पहिलं तीन दिवसांनी मोठं होतं आणि शेवटच्याला तुडवतं. मी म्हटलं होतं, माणसांतही ही सोय असती तर थोरली-धाकटी हा तंटाच उरला नसता. तू हसलीस. लग्नाला सहा महिने झाले होते, तेव्हा मी तुझे दात पहिल्यांदा पाहिले.

आता आडून-आडून बोलत नाही. तू तिथं एकटी. मुलगी दूर, महिन्यातून एकदा येते. मी इथं चार माणसांत, पण त्यांच्यात एकालाही सासूबाई आठवत नाहीत. मी नक्कल केली तर कुणाला कळत नाही, नक्कल वाया जाते. मागच्या खोलीत राहायला ये. पाहुणी म्हणून नको, कायमची ये. सुनेला विचारलंय. ती म्हणाली, एक सासू झेपते, दुसरीनं काय होतंय. हे वाक्य तिनंच लिहिलंय, बघ, अक्षर किती ठसठशीत आलंय.

थोरली

२३ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र सून लिहीत नाही. खालच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहतात, त्यांच्याकडे येऊन बसलेय. त्यांनी आधीच सांगितलंय की वाक्य पूर्ण करायचं, मग श्वास घ्यायचा. मी बोलते उलटंच, त्यामुळं दोघींना घाम फुटलाय.

तुझं उत्तर सुनेनं वाचून दाखवलं. "ज्या घरात माझ्या बापाचा पक्षी रिकामा ठरला आणि त्याच्यासोबत मीही, तिथं मी झोपू कशी? सासूबाई बोलल्या, त्यांचं सोडा. तुम्ही समोर होतात. तुम्ही गप्प का बसलात, तेवढं आधी सांगा. मग खोलीचं बघू."

सुनेनं वर बघितलं. मी म्हटलं, मला मास्तरीणबाईंकडे काम आहे.

सांगते.

त्या वर्षी पाखरांच्या हंगामाच्या आधी आपल्या गल्लीतल्या औषधवाल्यानं तुम्हाला शब्द दिला होता. गवईच्या वंशाचे दोन नर त्याला दिले तर त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं तुम्हालाच, दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. चार घरं सोडून. तू ही बातमी सगळ्यात आधी मला सांगितलीस. हातात सुई तशीच, दोरा लोंबतोय, आणि तू सांगतेयस की तिथं खिडकी पूर्वेला आहे, चूल स्वतःची, पिल्लं उडायला लागली की जायचं. मी म्हटलं, फार चांगलं झालं. मी चांगलं बोलते, हे तुला माहीतच आहे.

अंडी उचलायचं काम माझ्याकडे होतं. माझा हात हलका म्हणून तूच दिलं होतंस. चार दिवस चार अंडी मी उचलली आणि माझ्या दोऱ्यांच्या डब्यात कोंड्यात ठेवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती परत ठेवली, असं मी तुला सांगितलं.

ठेवली नव्हती.

मादी मातीवर बसली. बसलेल्या मादीला हलवायचं नाही, हा तुझाच नियम, त्यामुळं तू बघितलं नाहीस. मी डबा कपाटावर ठेवला आणि दहा दिवस तिकडं बघितलं नाही. मग मादी अंघोळीला उतरली तेव्हा मातीची काढली आणि खरी ठेवली. खरी म्हणजे आता मातीइतकीच. पुढं तुला माहीत आहे. पिल्लं फुटेनात, भावोजींनी एकेक अंडं दिव्यापुढं धरलं, आत नुसता उजेड. नर वांझ आहे, असं ठरलं. आणि सासूबाई म्हणाल्या, हिच्या माहेरचं सगळंच रिकामं. तुला तेव्हा तीन वर्षं मूल नव्हतं. तू ताटावर बसली होतीस.

मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर आलं असतं.

मास्तरीणबाईंनी आत्ता लेखणी खाली ठेवली आणि त्या पाणी प्यायल्या. मलाही दिलं.

का केलं, तेही सांगते, म्हणजे तुला नंतर विचारायला नको. मला तुझं वाईट करायचं नव्हतं. तू गेलीस की मागच्या खोलीत पुठ्ठ्याचे गठ्ठे येणार आणि फर्मे शिवायला समोर सासूबाई बसणार, एवढंच मला दिसत होतं. औषधवाला थांबणार नाही, हंगाम जाईल, पुढच्या वर्षी बघू, असं वाटलं. एक वर्ष हवं होतं मला तुझं. तुला न विचारता घेतलं. पाखरं एकत्र ठेवायची की वेगळी, हे तुला विचारते, पण माणसांचं तेव्हा मी एकटीनं ठरवलं.

आणि मिळालं काय? चार घरं सोडून जाणार होतीस, ती त्याच उन्हाळ्यात दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब गेलीस.

भावोजींनी तेव्हा सासूबाईंना काय सांगितलं, ते मी ऐकलं होतं. ते म्हणाले, नराचा दोष नाही, माझा आहे. मी एकदा घरटं चाचपलं होतं, आणि माझ्या हाताला खळ लागलेली असते, खळीत मोरचूद असतो. वाळवी मारायला घालतात ते विष, अंडी मेली त्यानं. मला वाटलं, बायकोला वाचवायला बोलतायत. मी त्यांनाही बोलू दिलं.

आता तू खोलीचं बघ.

थोरली

१४ मार्च

धाकटे,

पत्र बाहेर लिहून घेतलं खरं, पण उत्तर घरीच येणार आणि वाचणार सूनच, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. चोरानं चोरी करावी आणि पत्ता स्वतःचा द्यावा, तसं झालं. जेवायच्या वेळी पाकीट आलं. मुलगा म्हणाला, वाच की, काकू काय म्हणते. सुनेनं मोठ्यांदा सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीनंतर आवाज खाली आला. पण थांबली नाही. मी पण थांब म्हटलं नाही.

"त्या दिवशी सासूबाई बोलल्या आणि तुम्ही मला दोनदा वाढलंत. न मागता. तेव्हाच मला वाटलं होतं, हिनं काहीतरी केलंय. काय ते कळत नव्हतं. पण ह्यांनी सासूबाईंना सांगितलं ते मला वाचवायला नव्हतं, जाऊबाई. त्यांना ते खरं वाटत होतं. पुन्हा कधी पाखराला हात लावला नाही. गवई तुमच्या औषधवाल्याला फुकट देऊन टाकला. आमची मुलगी झाली तेव्हा तीन वेळा हात धुऊन, वर फडकं गुंडाळून तिला उचललं. ती शाळेत जाईपर्यंत हात धुतल्याशिवाय तिला जवळ घेतलं नाही. मला सांगितलंत, बरं केलंत. त्यांना सांगायला हवं होतं. गेल्या वर्षीपर्यंत होते ते."

यावर मी काही विनोद करणार नाही.

मला वाटत होतं, मी तुझं एक वर्ष घेतलं. हिशोब इतकाच नव्हता, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला मी आले नाही. गुडघ्यांचं कारण सांगून जे टाळलं ते हे होतं. ते होते तेव्हाही कधी आले नाही, ते मला बघून नेहमीसारखे हसतील आणि वहिनी म्हणतील, याची भीती वाटत होती.

मला ते आठवतात ते दाबयंत्राची मूठ फिरवताना. एका हातानं मूठ, आणि ओठ पुढं काढून गवईशी शिट्टीत भांडण. गवई एक तान घ्यायचा, ते ती मुद्दाम बेसूर करून परत द्यायचे, गवई चिडून दुप्पट गायचा. हे ओरडायचे, पुस्तक दाब, पाखरू नको. तू आणि मी खाली मान घालून शिवायचो, हसू नये म्हणून दोऱ्याचं टोक दातात धरायचो. ते घर सगळ्यांना एकत्र ठेवण्यासारखं होतं, असं मला अजून वाटतं. पण ठेवणारी मी कोण?

सून दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, आई, आमच्या बाबतीत असं काही केलंयत का तुम्ही? मी म्हटलं, आठवून बघतेय. ती हसली नाही, पण चहा दिला. आत्ता हे तीच लिहितेय, आणि एकही शब्द गाळत नाहीये.

पाखरांचं सांगायचं तर टोपीवाला परवापासून जाळीतून पिवळीला भरवतो. आधी दाणा चोचीत धरून नुसता उभा राहायचा. ती पाठ फिरवायची, तो जाळीच्या दुसऱ्या भोकाशी जायचा. तिसऱ्या दिवशी तिनं घेतला. मुलगा म्हणतो, आता जाळी काढू. मी म्हटलं, मी ह्या घरातल्या कुठल्याच पिंजऱ्याला हात लावणार नाही. धाकटी सांगेल तेव्हा, ती सांगेल ते.

राहायला ये, असं आता म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड माझ्याकडे नाही. तू काहीच लिहिलं नाहीस तरी मला समजेल. फक्त पाखरांचं तेवढं कळव.

थोरली

६ एप्रिल

धाकटे,

तीन आठवडे पोस्टमन जिन्यावरूनच मला हात हलवून नाही म्हणायचा. काल त्यानं हात हलवला नाही, मी उठून उभी राहिले. गुडघ्यांना नंतर कळलं.

सुनेनं दारातच उभं राहून वाचलं. "येते. माफ करायला येत नाही, भांडायला येते. पत्रात भांडता येत नाही, जाऊबाई. तुम्ही सांगता, दुसरीच कुणी लिहिते, अर्धा राग वाटेत सांडतो. चाळीस वर्षांचं आहे, तुमच्या तोंडावर बोलायचंय. किती दिवस राहीन, ते भांडण किती चालतं त्यावर. स्वयंपाक माझा मी करीन. खोलीच्या दाराला आतून कडी हवी. जाळीला कुणी हात लावू नका, मी आल्यावर बघीन."

पुन्हा वाच म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा म्हटलं तर म्हणाली, आई, पाठ झालं असेल आता तुमचं. झालंच होतं.

तर ऐक. शनिवारची गाडी सकाळी पोचते. मुलगा आणि मी दोघं स्टेशनवर असू. मला ओळखशील की नाही कोण जाणे. मी आता रुंदीला दोन पुस्तकांएवढी झालेय, उंचीला अर्ध्या. तिथंच सुरू करायचं असेल तर कर, मला चालेल. मुलाला आधीच सांगितलंय की मधे पडायचं नाही. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, अकराव्या पायरीवर श्वास घ्यायला थांबू, तेवढ्यापुरतं भांडणही थांबवू. स्वयंपाक तुझा तू कर, पण पहिल्या दिवशी दमलेली असशील, तेव्हा इथंच जेव. एकदाच वाढीन.

मी तयार आहे. दात नीट बसवून आणलेत. खोटं बोलायचं नाही, मधे बोलायचं नाही आणि तू भावोजींचं नाव काढलंस की विषय बदलायचा नाही, असं ठरवलंय. पहिल्या दोनांचं जमेल असं वाटतं. तिसऱ्याला तू माझा हात धरून ठेव.

आज सकाळी सुतार येऊन गेला. तुझ्या खोलीच्या दाराला आतून कडी लावली, चांगली जाड. तो म्हणाला, आजी, बाहेरूनही एक लावून देतो, सामान सुरक्षित राहील. मी म्हटलं, नको रे बाबा, बाहेरून काही लावू नकोस. मग म्हणाला, मग ती आतून लावून बसली तर तुम्ही काय करणार?

म्हटलं, बाहेर स्टूल टाकून बसणार.

थोरली